कोल्लमचे रवी

अडूर गोपालकृष्णन यांच्या ‘एलिप्पत्तायम’मध्ये उण्णी नावाचा घरधनी नटूनथटून लग्नाला निघतो. अंगात रेशमी जुबा, चालण्यात घराण्याची ऐट. वाटेत पाणी साचलेलं असतं. फार नाही, धोतर जरा वर धरलं की पलीकडे जाता येईल एवढंच. उण्णी काठाशी थबकतो, पाण्याकडे बघतो आणि मुकाट्यानं माघारी वळतो. घरी वर्तमानपत्र वाचत बसलेला असताना अंगणात गाय शिरली, तर तिला हाकलायला तो आतून बहिणीला हाक मारतो. बहीण येते, गाय हाकलते, पुन्हा चुलीशी जाते. रात्री अंथरुणाशी उंदीर आला की त्याच्या किंकाळीनं सगळं घर जागं होतं. वाडा मोठा, शेतीचं उत्पन्न येतंय, नारळ उतरताहेत, आणि या सगळ्याचा धनी मात्र उंदराच्या सापळ्यात सापडल्यासारखा आपल्याच घरात अडकून पडलेला आहे.

हा 1981चा चित्रपट मी पाहिला तो पुण्यात, लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या थिएटरात. केरळातल्या सरंजामी घरांच्या ऱ्हासाबद्दल तोपर्यंत पुष्कळ वाचलं होतं. पण वारसाहक्कानं मिळालेली सुबत्ता माणसाच्या हातापायांतली शक्ती कशी काढून घेते, हे इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. अडूरनी तीन बहिणींना तीन रंग दिले आहेत. धाकटी श्रीदेवी लाल, मधली राजम्मा निळी, थोरली जानम्मा हिरवी. उण्णीच्या निष्क्रियतेची किंमत राजम्मा आयुष्यानं चुकवते. शारदा या अभिनेत्रीनं तिचं राबणं आणि खंगणं ज्या तऱ्हेनं दाखवलं आहे, त्यानंतर घरातल्या कुठल्याही राबत्या बाईकडे पूर्वीच्या नजरेनं बघता येत नाही.

पुढे कधीतरी कळलं की हा चित्रपट ज्याच्या पैशावर उभा राहिला तो माणूसही वारसदारच होता. कोल्लमच्या काजू-व्यापाऱ्याचा मुलगा. वडिलांच्या धंद्यावर बसून राहायची त्याला पूर्ण मुभा होती. त्या दिवसापासून के. रवींद्रनाथन नायर या माणसाविषयी मला मनापासून कुतूहल वाटत आलं आहे.

केरळात त्यांना ‘अच्चाणी रवी’ म्हणत, नाहीतर ‘जनरल पिक्चर्स रवी’. जन्म कोल्लममध्ये 3 जुलै 1933 रोजी, मृत्यूही तिथेच, नव्वदी गाठून पाचच दिवस झाले असताना, 8 जुलै 2023 रोजी. घरचा धंदा काजूवर प्रक्रिया करून निर्यात करण्याचा. तो त्यांनी नुसता सांभाळला नाही, वाढवला. ‘विजयलक्ष्मी कॅश्यूज’ हे त्यांच्या कंपनीचं नाव. आणि त्या धंद्यातल्या पैशातून 1967 ते 1993 या काळात त्यांनी चौदा चित्रपटांची निर्मिती केली. मल्याळम सिनेमाची जगात जी ओळख आहे, तिच्यातला मोठा हिस्सा या चौदांपैकी नऊ-दहा चित्रपटांनी कमावलेला आहे.

काजू म्हणजे काय, हे आम्हा वेंगुर्ल्याकडच्या माणसांना सांगावं लागत नाही. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड गोव्यात रुजलं, कोकणच्या कातळावर चढलं आणि मलबारच्या किनाऱ्यानं थेट खाली कोल्लमपर्यंत गेलं. आमच्याकडे झाडाला ‘काजी’ म्हणतात. चैत्रात ओल्या काजूगरांची उसळ झाली नाही तर वर्ष सुनंसुनं वाटतं. रस्त्याकडेला बायका ओले गर शेकड्यावर विकतात. घेणाऱ्याला दर जास्त वाटतो, पण त्यानं एकदा त्या बाईचे हात बघावेत. काजूच्या सालीत जे तेल असतं ते बिब्ब्यासारखं उततं. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. हाताला राख चोळतात, तेल लावतात, तरी हंगाम संपेपर्यंत बोटांची कातडी काळी पडून सोलपटते. माझ्या आईचे हात मार्च ते मे असेच असायचे. त्या हातांनी वाढलेल्या उसळीची चव मला अजून आठवते. तिचे हात आठवल्याशिवाय ती चव आठवत नाही.

कोल्लमचा काजू-धंदा असल्या हजारो हातांवर उभा राहिला. तिथली बी नुसती केरळातली नव्हे, टांझानिया-मोझांबिकसारख्या पूर्व आफ्रिकेच्या देशांतून बोटी भरून येई, कोल्लमला भाजून, फोडून, सोलून डब्यांत भरली जाई आणि अमेरिकेला जाई. आमच्याकडे बी वाफवून हातयंत्रावर कापायची पद्धत पडली. कोल्लमला ढोलात भाजलेली बी बायका जमिनीवर बसून लाकडी थापीनं फोडत. घाव असा बसायला हवा की साल फुटेल आणि गर अख्खा राहील. अख्ख्या गराला एक भाव, पाकळीला दुसरा, तुकड्याला तिसरा. मग वरची तांबूस साल नखानं किंवा सुरीच्या टोकानं काढायची आणि शेवटी प्रतवारी. ‘डब्ल्यू 180’ म्हणजे पौंडात फार तर एकशेऐंशी गर बसतील एवढा टपोरा. ‘डब्ल्यू 320’ म्हणजे बाजारात सगळ्यात जास्त चालणारा. फोडणं, सोलणं, निवडणं ही सगळी कामं बायकांची, आणि मजुरी सगळ्यात कमी ती त्यांचीच. कोल्लमच्या काजू कामगारांचे संप, युनियन, किमान वेतनाचे झगडे हा केरळच्या कामगार चळवळीचा मोठा अध्याय आहे. मजुरीचे कायदे चुकवण्यासाठी कित्येक मालकांनी कारखाने तामिळनाडूच्या हद्दीत हलवले. 1969 साली सरकारला काजू विकास महामंडळ काढावं लागलं ते याच झगड्यांच्या पार्श्वभूमीवर.

रवी या धंद्याचे मालक होते. त्यांच्या चित्रपटांवर प्रेम करायचं आणि तो पैसा कुठून आला याकडे काणाडोळा करायचा, हे मला जमत नाही. त्यांनी काढलेल्या ‘तंपु’ची, ‘एलिप्पत्तायम’ची प्रत्येक फ्रेम जितकी अरविंदन-अडूर या दिग्दर्शकांची आहे, तितकीच कोल्लमच्या शेडमध्ये मांडी घालून बसलेल्या बायकांचीही आहे, असं मी मानतो. श्रेयनामावलीत त्यांना जागा नाही. म्हणून इथे तरी ती असू दे.

‘जनरल पिक्चर्स’ या त्यांच्या निर्मिती-संस्थेची सुरुवात चारचौघांसारखीच झाली. 1967चा पहिला चित्रपट ‘अन्वेषिच्चु कण्डेत्तियिल्ला’ पारप्पुरत्तु यांच्या गाजलेल्या कादंबरीवरचा, दिग्दर्शक पी. भास्करन. भास्करन म्हणजे मल्याळममधले मोठे कवी आणि गीतकार. त्यांच्याबरोबर पुढच्या दोन वर्षांत ‘लक्षप्रभु’ आणि ‘काट्टुकुरंगु’ असे आणखी दोन. चांगली कथा, चांगली गाणी, ओळखीचे नट. मग 1973 साली ए. विन्सेंट दिग्दर्शित ‘अच्चाणी’ आला, प्रेम नझीर नायक. हा चित्रपट इतका चालला की निर्मात्याला त्याचंच नाव चिकटलं.

इथे त्यांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. ‘अच्चाणी’च्या नफ्यातून कोल्लम शहरात सार्वजनिक ग्रंथालय उभं राहिलं. एका गावानं तिकिटं काढून जो पैसा दिला, तो पुस्तकांच्या रूपानं त्याच गावात परत आला. व्यापाऱ्यानं देवळाला सभामंडप बांधून द्यावा, धर्मशाळा बांधावी, ही आपल्याकडची जुनी रीत. ग्रंथालय बांधणारे त्या मानानं थोडे, आणि सिनेमाच्या नफ्यातून बांधणारे तर मला दुसरे ठाऊक नाहीत.

यशस्वी चित्रपटानंतर निर्माता सहसा तसलाच दुसरा काढतो. त्या काळच्या मल्याळम सिनेमाचा कारभार मद्रासच्या कोडंबाक्कममधून चाले. वितरक आगाऊ रक्कम देई, तिच्यावर व्याज चढे. वितरकाला नट हवा असे ठरावीक, गाणी इतकी, मारामाऱ्या तितक्या. निर्माता म्हणजे या सगळ्यांच्या मध्ये कात्रीत सापडलेला माणूस. रवींचं तसं नव्हतं. पैसा घरच्या धंद्यातला होता. व्याजाचा मीटर चालू नव्हता, त्यामुळे वितरकाच्या दारात उभं राहायची पाळी नव्हती. ही मोकळीक त्यांना वारशानं मिळाली होती, त्यांनी ती कमावलेली नव्हती. पण तिचं काय करायचं, हा निर्णय त्यांचा.

1970च्या दशकात त्यांची गाठ जी. अरविंदन यांच्याशी पडली. रबर बोर्डात नोकरी करणारा, ‘मातृभूमी’ साप्ताहिकात वर्षानुवर्षं व्यंगचित्रमाला काढणारा, फार कमी बोलणारा माणूस. नावावर चित्रपट एकच. त्याच्या मनात आलं ते असं : उत्तररामायणाची गोष्ट, सी. एन. श्रीकंठन नायर यांच्या नाटकावरून, पण संवाद जवळजवळ नाहीत. सीता पडद्यावर दिसणारच नाही. वारा, पानांची सळसळ, नदी, हीच सीता. आणि राम-लक्ष्मण कोण, तर आंध्रातल्या जंगलात राहणारे राम चेंचू जमातीचे आदिवासी. या चेंचूंची श्रद्धा अशी की आपण रामाच्याच कुळातले.

एखाद्या पेढीवर बसलेल्या माणसापुढे हा प्रस्ताव आला तर तो काय विचारेल? नायिका कोण? नायिका नाही. गाणी किती? नाहीत. राम कसा दिसतो? काळासावळा, बसक्या नाकाचा, कॅलेंडरावर कधी न दिसलेला. चालेल का? बहुधा नाही. रवींनी या चित्रपटाला पैसे दिले. ‘कांचन सीता’ 1977चा. त्याला दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि लोक चिडलेही. असा राम दाखवायचाच कसा, हा त्यांचा सवाल. पारितोषिक आणि संताप दोन्ही पचवून निर्मात्यानं त्याच दिग्दर्शकाला पुढच्या वर्षी ‘तंपु’ करायला सांगितला. मग 1979 साली ‘कुम्माट्टी’, 1980 साली ‘एस्तप्पान’, 1981 साली ‘पोक्कुवेयिल’. पाच वर्षांत पाच चित्रपट, दरसाल एक. अरविंदनसारख्या कलावंताला सलग पाच वर्षं काम मिळत राहणं ही भारतीय सिनेमातली विरळाच घटना आहे. असे किती अरविंदन एका चित्रपटानंतर दहा वर्षं नुसते वाट बघत बसले असतील!

‘तंपु’बद्दल थोडं सांगायलाच हवं. भारतपुळा नदीच्या काठच्या गावात सर्कस येते, तंबू उभारते, तीन दिवस खेळ करते आणि जाते. गोष्ट एवढीच. कृष्णधवल. अरविंदननी खरी सर्कस नेली आणि खऱ्या गावकऱ्यांपुढे खेळ लावला. शाजी एन. करुण यांचा कॅमेरा खेळापेक्षा बघणाऱ्यांवर जास्त रमला. झुल्यावरची मुलगी हात सोडते तेव्हा खाली बसलेल्या म्हातारीचं तोंड उघडं पडतं, एका पोराचे डोळे विस्फारतात, एक तरुण आपण पुरुष आहोत हे विसरून शेजाऱ्याचा दंड धरतो. कॅमेरा आपल्याकडे बघतोय याचं कुणालाच भान नाही. सर्कस त्यांतल्या बहुतेकांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. माणूस चकित झाल्यावर कसा दिसतो, याची इतकी निर्मळ नोंद मी दुसऱ्या कुठल्याच चित्रपटात पाहिलेली नाही. आणि नंतर त्याच सर्कशीतल्या माणसांचे रंग पुसलेले, थकलेले चेहरे समोर येतात. दुसऱ्यांना चकित करणारी माणसं स्वतः किती काळात कशानं चकित झालेली नाहीत, ते त्या चेहऱ्यांवर लिहिलेलं असतं.

‘पोक्कुवेयिल’ची तऱ्हा आणखी निराळी. हातात रीतसर पटकथा नाही. हरिप्रसाद चौरसियांची बासरी, राजीव तारानाथांचा सरोद, आणि त्या संगीताच्या अंगानं रचत नेलेली दृश्यं. नायक बालचंद्रन चुळ्ळिक्काड, तेव्हाचा तरुण कवी. मन ढासळत चाललेल्या एका मुलाची ही गोष्ट. यासाठी पैसे देणाऱ्याकडे वाचायला कागदही नव्हता. होता तो विश्वास.

रवी कामात ढवळाढवळ करत नसत, हे अडूर गोपालकृष्णन यांनी वेळोवेळी सांगितलेलं आहे. हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो, पण मला ते फार कठीण काम वाटतं. कारण मी ते एका माणसाला करताना पाहिलेलं आहे. माझे मामा वेंगुर्ल्याजवळ आजोबांनी काढलेला काजूचा छोटा कारखाना चालवत. गावच्या जत्रेला दशावताराचा दहिकाला होई, त्याचा खर्च वर्षानुवर्षं त्यांचा. मंडळी पेटारा घेऊन आली की जेवणखाण, बिदागी, सगळं बघून मामा प्रेक्षकांत मागे जाऊन बसत. पुढच्या खुर्चीवर त्यांना कधी कुणी पाहिलं नाही. एकदा कंपनीच्या मालकानं विचारलं, आज कुठलं आख्यान लावूया, तुम्ही म्हणाल ते. मामा म्हणाले, “तेंचा काम तेंका म्हायत आसा. मी कित्याक सांगू?” पैसे देणाऱ्याला मत असतंच. मामांनाही होतं. घरी येऊन ते मामीला सांगत, शंकासुर आज जरा लांबला. पण ते मत त्यांनी मांडवात कधी उच्चारलं नाही. रात्रभर जागायचे मात्र शेवटच्या गोपाळकाल्यापर्यंत.

म्हणून, न बोलणाऱ्या निर्मात्याला सिनेमातलं कळत नव्हतं म्हणून तो गप्प बसला, असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. रवींची निवड बघा. पी. भास्करन, विन्सेंट, अरविंदन, अडूर आणि मध्ये एकदा एम. टी. वासुदेवन नायर, ज्यांनी आपल्याच कादंबरीवरून ‘मंजु’ दिग्दर्शित केला. अरविंदन आणि अडूर या दोघांचा सिनेमा एकमेकांपासून कोसभर लांब. अरविंदन धुक्यासारखा पसरत जाणारा, अडूर वीट वीट मोजून भिंत रचणारा. त्या दोघांनाही एकाच पेढीवर हक्कानं जाता यावं, यामागे जाण होती, डोळा होता. फक्त तो डोळा कुणाला बोलवायचं हे ठरवताना वापरायचा आणि काम सुरू झालं की मिटायचा, एवढी शिस्त त्या माणसानं स्वतःला लावून घेतली होती.

अडूरबरोबर त्यांनी चार चित्रपट केले. ‘एलिप्पत्तायम’ 1982 साली कान महोत्सवात दाखवला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची सदरलंड ट्रॉफी त्याला मिळाली. मग ‘मुखामुखम’, ‘अनंतरम’ आणि शेवटी 1993 साली ‘विधेयन’. यातला ‘मुखामुखम’ मला रवींच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा वाटतो. कौलांच्या कारखान्यात संप घडवणारा श्रीधरन हा कम्युनिस्ट पुढारी भूमिगत होतो आणि कितीतरी वर्षांनी परत येतो तो दारू पिऊन झोपून राहणारा माणूस होऊन. ज्यांनी त्याला देव केलं, त्यांना या झोपलेल्या देवाचं काय करावं ते कळत नाही. 1984 साली केरळात या चित्रपटावर रण माजलं. डाव्या मंडळींना तो चळवळीवरचा घाव वाटला. एका कारखानदारानं असा चित्रपट काढावा, यावर बोट ठेवणं सोपं होतं. मी चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हा मला त्यात कामगारांबद्दल कुत्सितपणा कुठेच सापडला नाही. संपाच्या दृश्यांत त्यांची बाजू ठाम आहे आणि मालकाची बाजू घेणारं एकही दृश्य नाही. ज्याच्या दारात युनियनचा झेंडा रोज उभा, त्या मालकाच्या पैशातून निघालेल्या चित्रपटाबद्दल मला हे नोंदवावंसं वाटतं.

‘विधेयन’ तर सरळ मालकशाहीवरच आहे. पॉल झकारिया यांच्या लघुकादंबरीवरून केलेला. दक्षिण कर्नाटकातला भास्कर पटेलर, ज्याच्या शब्दावर गाव कापतं, आणि त्याचा तोम्मी, ज्याला पटेलराचा छळही हवाहवासा वाटू लागतो. मम्मुट्टींनी पटेलर उभा केला तो अंगावर काटा आणणारा. धनी आणि चाकर यांच्यात नेमकं काय चालतं, सत्ता कशी दोघांनाही नासवते, हे दाखवणारा हा ‘जनरल पिक्चर्स’चा अखेरचा चित्रपट ठरला. त्यानंतर रवी निर्मितीतून बाजूला झाले आणि पुढची तीस वर्षं कोल्लममध्ये आपला धंदा, आपलं ग्रंथालय यांत राहिले.

निष्क्रिय वारस, कारखान्यातला संप, क्रूर धनी. काजूच्या कारखानदाराच्या पैशातून हे तीन विषय पडद्यावर आले. ते निवडले दिग्दर्शकानं, हे खरं. पण आपल्याच वर्गाकडे एवढ्या निष्ठुरपणे बघणाऱ्या गोष्टी ऐकून घ्यायच्या, वर त्यांना पैसे द्यायचे, याला मन मोठं लागतं.

त्याच कोल्लममध्ये काजूच्या धंद्यातला दुसरा वारसदार त्याच काळात मोठा होत होता. राजन पिल्लई. तो सिंगापूरला गेला, बिस्किटांच्या साम्राज्याचा धनी झाला, मुंबईच्या उद्योगपतींशी त्याच्या लढाया झाल्या आणि 1995च्या जुलैत तिहारच्या कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आयुष्यावर पुष्कळ लिहिलं गेलं, कारण त्यात चढउतार होते. रवींच्या आयुष्यात तसं काहीच नाही. त्यांना केरळ सरकारचा जे. सी. डॅनियल पुरस्कार मिळाला तो 2008 सालचा. डॅनियल म्हणजे मल्याळमचा पहिला चित्रपट काढणारे. तेही सुखवस्तू घरातले. जमीन विकून त्यांनी ‘विगतकुमारन’ काढला. त्यात नायर स्त्रीची भूमिका पी. के. रोझी या दलित मुलीनं केली म्हणून तिला गावातून पळून जावं लागलं. डॅनियल कफल्लक झाले आणि त्यांचा चित्रपट आज उरलेलाही नाही. सिनेमात उतरलेल्या घरंदाज पैशाचं बहुतेक वेळा हेच झालं आहे, आणि म्हणून रवींचं सावध, हिशेबी, तरी उदार राहणं मला अधिक शिकण्यासारखं वाटतं. धंदा शाबूत ठेवला म्हणून तर सलग पाच वर्षं दरसाल एक चित्रपट देता आला.

आपल्याकडे 1929 साली कोल्हापुरात ‘प्रभात’ निघाली तेव्हा दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर या कलावंतांच्या जोडीला पाचवे भागीदार होते सराफ सीतारामपंत कुलकर्णी. त्यांचं नाव पडद्यावरच्या कौतुकात फारसं निघत नाही, पण सोन्याचांदीच्या पेढीतला पैसा मागे नसता तर ‘प्रभात’च्या बोधचिन्हातली तुतारी कशी वाजली असती? ‘प्रभात’ 1933 साली पुण्याला आली. तिच्या स्टुडिओच्या जागेवर 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथेच अडूर शिकले, तिथेच शाजी एन. करुण छायालेखन शिकले. कोल्हापूरच्या सराफानं ज्या घराच्या पायाला हातभार लावला, त्या घरात शिकलेल्या मुलांच्या मागे पुढे कोल्लमचा काजूवाला उभा राहिला.

आणि हा हिशेब पुण्यालाच परत आला. सेल्युलॉइडची फिल्म दमट हवेत टिकत नाही. व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो, रीळ आकसतं, चित्र विरघळतं. ‘तंपु’ आणि ‘कुम्माट्टी’ यांच्या मूळ निगेटिव्ह नष्ट झाल्या. वाचल्या त्या पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात जपलेल्या प्रती. तिरुवनंतपुरमहून आलेल्या पी. के. नायर यांनी हे संग्रहालय रिळारिळानं उभं केलं होतं. त्या प्रतींवरून मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं, मार्टिन स्कॉर्सेझी यांच्या फिल्म फाउंडेशनची आणि बोलोन्याच्या चित्रसंग्रहालयाची साथ घेऊन, दोन्ही चित्रपट नव्यानं सिद्ध केले. ‘कुम्माट्टी’ 2021 साली बोलोन्याला दाखवला गेला, ‘तंपु’ 2022च्या मे महिन्यात कानला.

अशा कामात पहिली अडचण फिल्म खराब होण्याची नसते. कायद्यानं चित्रपटाचा मालक निर्माता असतो. तो गेलेला असतो, मुलं वेगळी झालेली असतात, कागद सापडत नाहीत, सापडले तर दोन भाऊ एकमेकांना सही देत नाहीत, आणि तेवढ्यात रीळ सडून जातं. कितीतरी मराठी चित्रपट असे गेले. ‘जनरल पिक्चर्स’कडे जीर्णोद्धाराची माणसं आली तेव्हा निर्माता हयात होता, वय नव्वदीकडे झुकलेलं. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं ‘तंपु’च्या जीर्णोद्धारात ज्यांची साथ जाहीरपणे नोंदवली आहे, त्यांत अरविंदन यांच्या कुटुंबाबरोबर, पुण्याच्या संग्रहालयाबरोबर कोल्लमची ही कंपनी आहे. कानच्या खेळाला ‘तंपु’मधून पडद्यावर आलेली जलजा गेली होती आणि तिच्याबरोबर रवींचा मुलगा.